गांवचा कोरडा कचरा, बंब आणि भट्टी

गांवोगांवच्या पंचायतींपुढें हल्लीं एक प्रश्न येऊं लागला आहे. घरोघरचा कोरडा कचरा जाळण्याकरितां गांवानें भट्टी बांधावी किंवा यंत्र विकत घ्यावें कीं नाहीं, असा तो प्रश्न होय. यंत्रें विकणारांचे हस्तक रंगीत पत्रकें घेऊन सरपंचांच्या ओटीवर बसलेले दिसतात. उलटपक्षीं कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतात कीं, कचरा जाळणें कायद्यानें मना आहे, सबब भट्टीचें नांवहि काढूं नये. आम्हांस हीं दोन्ही मतें उतावळीचीं वाटतात. पैसा गांवचा, धूर गांवचा आणि जमीनहि गांवचीच असल्यामुळें या विषयाचा शेतकरी वाचकांनीं नीट विचार करावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

पूर्वीं कुणब्याच्या घरचा केर म्हणजे चुलींतील राख, गोठ्यांतील शेणकूर, अंगणांतील पाचोळा, भाजीचीं देंठें आणि क्वचित् एखादें फाटकें चिरगूट. हें सर्व उकिरड्यांत पडे, पावसांत कुजे आणि पुढल्या सालीं मृगापूर्वीं गाडींत भरून शेतांत जाई. उकिरडा ही घाणीची जागा नव्हती, ती शेतकऱ्याची पेढी होती. इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ च्या दरम्यान खताची जी पद्धति बसविली, किंवा यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे पांढरीपांडे यांनीं विटांच्या टाक्याची जी 'नाडेप' पद्धति काढली, तीं दोन्ही म्हणजे या जुन्या उकिरड्यास लाविलेलें शास्त्रशुद्ध वळणच होय. आतां त्याच उकिरड्यांत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या व शांपूच्या पुड्या, तुटक्या चपला, औषधांचीं वेष्टनें आणि तान्ह्या मुलांचे बाजारी लंगोट येऊन पडतात. असलें खत शेतांत टाकलें म्हणजे पिशव्या कुळवाच्या फासेस गुंडाळतात आणि बांधावर चरणारी गाय त्या गिळते. तेव्हां शेतकरी उकिरडा उचलण्याचें सोडतो आणि दिवेलागणीस त्यास काडी लावतो. यांत खताचेंहि नुकसान आणि हवेचेंहि.

हा प्रकार एकट्या आपल्या गांवचा नव्हे. इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, जगांत दरसाल सुमारें ५ कोटि २० लक्ष टन प्लास्टिक कोणाच्याहि ताब्यांत न राहतां जमिनीवर, पाण्यांत किंवा धुरांत जातें. त्यांत हिंदुस्थानचा वांटा सुमारें ९३ लक्ष टन असून त्यांपैकीं ५८ लक्ष टन उघड्यावर जळतें. आंकडा अंदाजाचाच आहे, परंतु संध्याकाळीं ज्यांनीं एस्. टी. च्या खिडकींतून चार गांवें ओलांडलीं असतील त्यांस तो अवाजवी वाटणार नाहीं.

तथापि उकिरड्यावरील आगीपेक्षां आम्हांस अधिक काळजी वाटते ती घरांतल्या आगीची. सरपण ओलें असलें कीं पिशवीचा बोळा करून चुलींत सारावयाचा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं तींत कांहीं वावगें आहे हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. जी माउली फुंकणी घेऊन चुलीपुढें बसते तिच्या तोंडापासून तो धूर हातभर अंतरावर असतो. ज्या घरांत स्वयंपाक गॅसवर गेला तेथेंहि आंघोळीचें पाणी पुष्कळ ठिकाणीं बंबांतच तापतें. बंब पेटविण्याचें काम बहुधा घरांतल्या म्हाताऱ्याकडे किंवा शाळकरी पोराकडे असतें, आणि हाताला लागेल तें नळींत टाकलें जातें: पुठ्ठा, पाण्याची बाटली, चपलेचा तळवा, सायकलीच्या ट्यूबचा तुकडा. पाणी लवकर तापतें यांत शंका नाहीं. पिशव्यांचें प्लास्टिक हें मूळचें खनिज तेलच असल्यामुळें त्यापासून किलोमागें लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता मिळते. फुकटचें सरपण म्हणून घरधनी खूष असतो. या फुकटाची किंमत कोठें वसूल होते तें पाहूं.

सर्व प्लास्टिक एकजात नव्हे. दुधाच्या पिशवीचें पॉलिथिन हें कार्बन व हायड्रोजन यांचें बनलेलें असतें. तें पुरेसें तापलें आणि त्यास पुरेशी हवा मिळाली तर त्याचा कर्बवायु आणि पाण्याची वाफ होते, आणि न मिळाली तर काजळी व विषारी तेलकट धूर होतो. पण पीव्हीसीची गोष्ट निराळी. नळाचा तुकडा, वायरीवरील आवरण, रेक्झिनचें कापड, कित्येक चपलांचे तळवे हे पीव्हीसीचे असतात, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनांत निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. असला धूर २०० ते ४५० अंश सेल्सिअस या टप्प्यांत रेंगाळला म्हणजे त्यांत डायॉक्सिन नांवाचीं विषें तयार होतात. तांबें हा धातु या क्रियेस विशेष साहाय्य करतो. म्हणून मोटारीच्या जुन्या वायरी जाळून तांबें काढण्याचा जो उद्योग कांहीं मळ्यांवर चालतो, त्याहून वाईट आग शोधून सांपडणार नाहीं. अमेरिकेंत सरकारी शास्त्रज्ञांनीं पिंपांत जाळलेल्या घरगुती कचऱ्याचा धूर मोजला व २००० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अशा रीतीनें रोज कचरा जाळणारीं थोडीं घरें, फार तर चाळीसेक, जेवढें डायॉक्सिन सोडतात, तेवढें दिवसाला २०० टन कचरा जाळणारा नीट बांधलेला शहरी कारखाना सोडीत असेल. पिंपाची आग लहान दिसते, परंतु ती थंड आणि अर्धवट असते, हें त्याचें कारण.

हें विष नाकावाटें जेवढें शरीरांत जातें त्याहून पुष्कळ अधिक अन्नावाटें जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें मनुष्याच्या शरीरांत पोहोंचणाऱ्या डायॉक्सिनपैकीं शेंकडा ९० हून अधिक भाग अन्नांतून, तोहि मुख्यत्वें मांस, मासे व दूधदुभतें यांतून येतो, आणि एकदां शिरलेलें विष निम्में होण्यास ७ ते ११ वर्षें लागतात. त्यांतील सर्वांत उग्र प्रकार कर्करोग उत्पन्न करणारा म्हणून १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें नोंदविला. राख गवतावर बसते, गवत म्हैस खाते, विष चरबींत सांठतें आणि लोण्यांतून घरीं परत येतें. आपल्या दुधाचा दर फॅट व एसएनएफ यांवर ठरतो. जें विष नेमकें फॅटमध्यें राहतें तें डेअरीच्या कांट्यावर कोणी मोजीत नाहीं. इंडोनेशियांतील त्रोपोदो या गांवीं टोफू करण्याच्या भट्ट्यांत सरपण म्हणून प्लास्टिक जाळीत असत. तेथील मोकाट कोंबड्यांच्या अंड्यांत २०१९ सालीं डायॉक्सिनचें अतिशय मोठें प्रमाण सांपडलें. आपल्या कोंबड्याहि उकिरड्याची राखच उकरीत असतात, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां जाळण्याच्या शास्त्राकडे वळूं. ज्यांनीं बंबाची रचना न्याहाळून पाहिली असेल त्यांस हें शास्त्र अर्धें ठाऊक आहे. मधोमध नळी, तळाशीं जाळी, जाळीखालून येणारी हवा आणि नळीच्या उंचीमुळें लागणारी ओढ, यामुळें फुंकणीवांचून आग धडधडते. परंतु नळीस चोहोंकडून पाण्याचा वेढा असतो, आणि पाणी उकळीपलीकडे तापत नाहीं. म्हणजे ज्वाळा ज्या भिंतीस लागते ती भिंत आगीच्या मानानें गारच राहते, आणि धूर पुरता जळण्यापूर्वींच निवून नळीच्या तोंडाशीं काजळी धरतो. पाणी तापविणाऱ्या साधनाचा गुण हा कीं त्यानें आगीची उष्णता काढून घ्यावी. कचरा जाळणाऱ्या साधनाचा गुण हा कीं त्यानें ती आगींतच राखावी. हीं कामें एकमेकांच्या उलट आहेत. यास्तव बंबांत पळाटी, तुराटी, चिपाडें, कणसांचीं बुरकुंडें खुशाल जाळावीं, पण बंबास कचऱ्याची भट्टी समजूं नये.

धूर पुरता जळावा यास तीन गोष्टी लागतात: भरपूर उष्णता, थोडा अवकाश आणि हवेशीं घुसळण. युरोपांतील कायद्यानें कचरा जाळणाऱ्या कारखान्यांस ८५० अंश सेल्सिअस उष्णतेंत धूर निदान २ सेकंद ठेवण्याचें बंधन घातलें आहे. आपल्याकडे दवाखान्यांच्या कचऱ्यासंबंधीं २०१६ चे जे नियम आहेत त्यांत दुसऱ्या खणांत याहून अधिक, सुमारें १०५० अंश उष्णता मागितली आहे. 'दुसरा खण' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या खणांत कचरा पेटतो व धूर सोडतो. तो धूर लालभडक विटांच्या दुसऱ्या खणांतून जातांना ताज्या हवेशीं मिसळून पुन्हां पेटतो, आणि मग धुराड्यांत जातो. लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठांतील प्राध्यापक पिकेन यांनीं लहान दवाखान्यांकरितां याच तत्त्वावर विटांची एक स्वस्त भट्टी आंखली, व ती आफ्रिका आणि आशिया खंडांतील अनेक ठिकाणीं बांधली गेली. तीस वीज लागत नाहीं आणि गवंडी कुशल असला तर ती गांवांतच उभी राहते. विटा मात्र आंचेस टिकणाऱ्या घ्याव्या लागतात आणि सांधे साध्या सिमेंटांत भरून चालत नाहीं. ते तडकतात आणि भेगेंतून थंड हवा शिरून सर्व मांडणी फुकट जाते.

भट्टी बांधून झाली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. कचरा घालण्यापूर्वीं कोरड्या लाकडांनीं किंवा पळाटीनें अर्धा तास तरी भट्टी तापवावी लागते. कचरा थोडाथोडा व वरचेवर घालावा. एकदम टोपली ओतली कीं आग दडपते आणि धुराडें काळें ओकूं लागतें. ओलें तर मुळींच घालूं नये. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती सगळी आगीच्या पोटांतून जाते. शेवटचा कचरा जळून गेल्यावरहि लाकडें घालून कांहीं वेळ आग राखावी, म्हणजे मागें राहिलेला धूर जळतो. हें सर्व करण्यास एक शिकविलेला व नियमित पगार मिळणारा इसम पाहिजे. पगार तीन तीन महिने तुंबला कीं भट्टीची चुलवण होते. १९८३ ते २००२ पर्यंत सरकारनें निर्धूर चुलींची राष्ट्रीय योजना चालविली. चुली पुष्कळ बसल्या, परंतु धुराडीं झाडण्यास व फुटकी चूल सांधण्यास कोणी नव्हतें म्हणून कित्येक घरीं त्या मोडून जुनी चूल परत आली. ज्यांच्या परसांत त्या चुलींचे अवशेष असतील त्यांनीं ते भट्टीचा ठराव करण्यापूर्वीं एकदां पाहून यावे.

भट्टींत घालावयाचें काय? आमच्या मतें फार थोडें. ओला केर खताच्या खड्ड्यांत, कागद, पुठ्ठा, लोखंड, कांच व बाटल्या भंगारवाल्याकडे, स्वच्छ कोरडें प्लास्टिक गांठोडें बांधून तालुक्याच्या केंद्राकडे. जें पुनः उपयोगास येत नाहीं असें प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांत जाळतां येतें. तेथील ज्वाळा १४०० अंशांहून अधिक तापलेली असते, आणि तेवढी आंच गांवानें निर्माण करण्याचा हट्ट धरूं नये. मग उरतें काय, तर तेलकट कागद, सडक्या चिंध्या, आणि मुख्य म्हणजे स्त्रियांच्या मासिक पाळींत वापरलेल्या बाजारी घड्या. या शेवटच्या वस्तूविषयीं सभेंत बोलण्यास पुरुष मंडळी संकोचतात व स्त्रियांस कोणी विचारीत नाहीं. परिणामीं त्या घड्या ओढ्यांत जातात किंवा कुत्रीं उकरून चव्हाट्यावर आणतात. त्या भंगारांत जात नाहींत, खतांत कुजत नाहींत. गांवानें भट्टी बांधावयाची तर ती प्राधान्यें यासाठींच, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि भट्टींत पीव्हीसी, बॅटऱ्या, औषधांच्या बाटल्या व वायरी घालणारास दंड असावा, कारण या साध्या भट्टीस धूर धुण्याची कांहींच योजना नसते.

यंत्रें विकणारांविषयीं दोन शब्द. इंधनावांचून, विजेवांचून, केवळ चुंबकामधून ओढलेल्या हवेच्या जोरावर वाटेल तो कचरा भस्म करणारीं यंत्रें बाजारांत आहेत. चुंबकानें कचरा जळत नाहीं. या यंत्रांत तो कोंडलेल्या हवेंत धुमसतो, आणि धुमसण्याची आंच नेमकी त्याच टप्प्यांत पडते जो डायॉक्सिनला मानवतो. कोळशाच्या भट्टीवर माती लिंपली म्हणजे जी आग होते तीच ही, फक्त पत्र्याच्या सुबक पेटींत बसविलेली. विक्रेत्यास इतकेंच विचारावें: दुसऱ्या खणांतील उष्णता किती व ती दाखविणारें मापक कोठें आहे? धुराड्यांतील डायॉक्सिन कोणत्या प्रयोगशाळेनें, कोणता कचरा घालून मोजलें? राख कोठें टाकावयाची? उत्तर लेखी मागावें. आमचा अनुभव असा कीं लेखी म्हटलें कीं दलालांस पुढच्या गांवची घाई होते.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २२ डिसेंबर २०१६ रोजीं उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या जाळणीस ५,००० व मोठ्या जाळणीस २५,००० रुपये दंड ठरविला. हा हुकूम उघड्या आगीचा आहे. तेवढ्यावरून भट्टीस आपोआप परवानगी मिळाली असें मात्र समजूं नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयास पत्र घालून लेखी उत्तर घ्यावें. तोंडी होकार दप्तरीं लागत नाहीं, हें आम्हीं महसुली कारकुनींत पुष्कळ वेळां पाहिलें आहे. जागेचें तर विचारूंच नका. सरपंच बोट दाखवितात तें गायरानाकडे. परंतु १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खालीं जी जमीन गुरचरणास नेमून दिली तिचा उपयोग बदलणें पंचायतीच्या हातीं नाहीं. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींसंबंधीं कडक निर्णय दिला व त्याच वर्षीं १२ जुलै रोजीं राज्य सरकारनेंहि ठराव काढला. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' वाचल्यावांचून पाया खणूं नये. जागा वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या बाजूस सोडून, आणि विहिरीच्या वरच्या अंगास नसलेली असावी. विहीर कोणाची, हा प्रश्न येथें गौण. बहुधा ती सभेंत न बोलणाराचीच असते.

पैशाचें मान लहान आहे. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० सालीं आंखलेल्या दुसऱ्या टप्प्यांत घनकचऱ्याकरितां ५,००० पर्यंत वस्तीच्या गांवास माणशीं ६० रुपये आणि प्लास्टिकच्या केंद्राकरितां तालुक्यास १६ लक्ष रुपयांपर्यंत मर्यादा घातली होती. दोन हजार वस्तीच्या गांवास हे १ लक्ष २० हजार होतात. त्यांत खताचीं टाकीं, कचरा वेंचण्याची मांडव व गाडी यांचा खर्च निघाल्यावर यंत्रास काय उरतें याचा हिशेब कोणासहि बोटांवर करतां येईल. म्हणून चार पांच गांवांनीं मिळून एक भट्टी, आणि गांवोगांव फक्त वेंचणी, ही व्यवस्था आम्हांस पत्करण्याजोगी वाटते.

शेतकरी बंधूंनीं स्वतःच्या मळ्याकडेहि पहावें. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या फाटक्या नळ्या, पीव्हीसीचे तुकडे, खताच्या पिशव्या आणि कीटकनाशकांचे डबे हा कचरा गांवठाणांतल्या कोणत्याहि घराहून अधिक भरतो, आणि तो बांधावरच पेटतो. ठिबकच्या नळ्या भंगारवाला घेतो; त्या जाळणें म्हणजे पैसे जाळणें. मल्चिंगचा कागद मातीनें माखण्यापूर्वीं, कोरड्या दिवशीं गुंडाळून काढला तरच कोणी घेईल. कीटकनाशकाचा रिकामा डबा तीन वेळां विसळून तें पाणी पंपांत ओतावें व डब्यास भोंकें पाडावीं. आणि पळाटी, तुराटी किंवा वाळल्या फांद्या जाळणें भागच पडलें, तर ढिगास खालून न लावतां वरून काडी लावावी: खालचा धूर वरच्या ज्वाळेंतून जातांना जळतो. निखारे झाले कीं पाण्यानें विझवावे. हा कोळसा शेणखतांत मिसळतां येतो. उसाच्या पाचटास मात्र काडी लावूं नये, तें सरींतच कुजवावें.

भट्टीच्या राखेबद्दल अनेक जण विचारतात. लाकडाची राख शेताला चालते, कचऱ्याची नव्हे. तींत शिसें, कॅडमियम वगैरे धातु असूं शकतात. ती बंदिस्त, तळ पक्का केलेल्या खड्ड्यांत टाकावी व वर झांकण असावें. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, ज्या ग्रामसभेपुढें हा विषय येईल तींत भट्टी चालविणाराचा पगार व राखेचा खड्डा हीं दोन कलमें ठरावांत आधीं लिहून मग किंमतीचें कलम लिहावें. ज्या गांवीं अशी भट्टी वर्षभर चालली असेल तेथील पंचांनीं सरपण किती लागलें, पगार किती गेला व भट्टी किती दिवस बंद पडली याचा जमाखर्च या मासिकाकडे पाठविल्यास तो छापण्याची तजवीज करतां येईल.